नऊ वर्षं पडवीत उभी असलेली बुलेट: तिला पुन्हा चालू करणं आणि एअर फिल्टर निवडणं

मामांची बुलेट १९९४ ची. साडेतीनशे सीसी, कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी) इंजिन, उजव्या पायाला गियर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तशी मामांनी ती फलटणजवळच्या वस्तीवर पडवीत उभी केली आणि वर ताडपत्री टाकली. मग त्या ताडपत्रीवर युरियाची रिकामी पोती, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, पितळी फवारणी पंप असा एकेक संसार जमत गेला. नऊ वर्षांनी मी ताडपत्री ओढली, गाडी स्टँडवर सरळ केली आणि सवयीने किकवर पाय ठेवला. मामा ओसरीवरून ओरडले, "पाय काढ आधी! पोटात काय झालंय ते बघ तिच्या."

त्यांनी ओरडून माझा निदान एक पिस्टन वाचवला. हा लेख जुन्या कास्ट आयर्न बुलेटला समोर ठेवून लिहिलाय, कारण मी हातानं खोललेली गाडी तीच. क्रम मात्र कुठल्याही जुन्या चार स्ट्रोक गाडीला चालतो, फक्त आकडे त्या गाडीच्या पुस्तकातून घ्या.

एक नियम आधीच सांगतो, कारण पुढे मी स्वतः तो मोडला आणि तीन रविवार घालवले. गाडी आधी कंपनीतून आली तशी करायची. तेच कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग), तेच जेट (त्यातलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं तोंड), तोच फिल्टर, तोच सायलेन्सर. ती तशी नीट चालली की मग काय बदलायचं ते बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट.

हात लावायच्या आधी

मोबाइलवर फोटो काढा. वायरी कुठून कुठे जातात, केबल कुठल्या बाजूने वळते, कुठला वॉशर कुठे होता, सगळ्याचे. आत्ता ते उगाच वाटतं. तीन आठवड्यांनी ताटलीत दोन बोल्ट उरले की त्यांची किंमत कळते.

मग भोकं तपासा. गावाकडे उभ्या राहिलेल्या गाडीत तीन भाडेकरू हमखास सापडतात. उंदीर फिल्टरच्या डब्यात आणि सीटखाली घर करतात आणि वायरिंग कुरतडतात. मुंग्या हेडलाइटमध्ये जातात. आणि कुंभारीण, ती मातीची घरटी बांधणारी गांधीलमाशीची बहीण, सायलेन्सरच्या तोंडात, ऑइलच्या ब्रीदर पाइपमध्ये (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी) आणि कार्ब्युरेटरच्या हवेच्या भोकात पक्कं लिंपण करून ठेवते. आमच्या सायलेन्सरमधून मूठभर माती निघाली. तशीच किक मारली असती तर दिवसभर पॉइंट (उघडमीट होऊन ठिणगीची वेळ साधणारी टोकं) घासत बसलो असतो आणि दोष बिचाऱ्या कॉइलला दिला असता.

इंजिन फिरतंय का

प्लग काढा. काढण्याआधी प्लगच्या भोवतीचा खळगा हवा मारून किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर तिथली वाळू थेट सिलिंडरमध्ये पडते. आता भोकातून दोन-तीन चमचे स्वच्छ इंजिन ऑइल सोडा. त्यात थोडं डिझेल मिसळलं तर ते रिंगांच्या फटीत लवकर उतरतं. पूर्वी या कामाला रॉकेल वापरायचे, आता ते मिळवायलाच वशिला लागतो. भोकावर फडकं ठेवा आणि रात्रभर विसरून जा.

दुसऱ्या दिवशी गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन चौथ्या गियरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने हळूच पुढे फिरवा. किकने हे काम करू नका. किकवर वजन टाकलं की अडकलेलं काय आहे ते हाताला कळत नाही, आणि किकचे आतले दाते मोडण्याची भीती असते. चाक फिरवताना पिस्टन वर-खाली होतोय हे जाणवलं, कुठे खरखर नाही, की निम्मी लढाई जिंकलीत. पिस्टन जाम असेल तर आणखी ऑइल-डिझेल टाकून चार-पाच दिवस थांबा आणि रोज थोडं पुढे, थोडं मागे असं चाक हलवून बघा. आठवड्यानेही हलला नाही तर हेड उतरवावं लागणार. मग घाई आणि हातोडा दोन्ही बाजूला ठेवून जाणत्या मिस्त्रीकडे जा.

फिरायला लागलं की प्लगच्या भोकावर फडकं धरून आठ-दहा वेळा फिरवा. आतलं जादा ऑइल बाहेर उडतं, त्यामुळे डोळे त्या बाजूला नकोत.

ऑइल: बुलेटचा खास रोग

जुन्या बुलेटमध्ये ऑइलचा साठा इंजिनच्याच धडात, मागच्या कप्प्यात असतो. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की हे ऑइल झिजलेल्या पंपातून थेंब थेंब झिरपत क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या कप्प्यात उतरतं. वर काडी लावून बघितलं तर ऑइल कमी दिसतं, माणूस वरून आणखी ओततो, आणि पहिल्या किकेला सगळं ब्रीदरमधून आणि सायलेन्सरमधून बाहेर. "इंजिन धूर मारतंय, रिंगा गेल्या" असं म्हणून कित्येक इंजिनं उगाच खोलली गेली असतील.

म्हणून साठ्याचं आणि क्रँकच्या कप्प्याचं, दोन्हीकडचं ऑइल पूर्ण रिकामं करा. इंजिनखाली एकापेक्षा जास्त ड्रेन प्लग असतात, ते सगळे उघडा. जुनं ऑइल परातीत घेऊन बोटांत चोळून बघा. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. चकाकी असेल तर धातू झिजलाय. आमचं काळं होतं, डांबरासारखं, पण चकाकी नव्हती. मामांनी वाकून बघितलं आणि "हं" एवढंच म्हणाले.

फिल्टर म्हणजे इथे ऑइलचा, नमद्याचा गोल तुकडा. तो नवा टाका, पंधरा मिनिटांचं काम आहे. २० डब्ल्यू ५० ग्रेडचं ऑइल सुमारे दोन लिटर लागतं. काडीवर खूण बघत भरा, बाटली संपवण्यासाठी भरू नका. डाव्या बाजूच्या प्रायमरी चेनच्या डब्याचं आणि गियरबॉक्सचं वंगण वेगळं असतं, तेही लेव्हल स्क्रूपर्यंत बघून घ्या.

टाकी

टाकीचं झाकण उघडल्यावर नाकात व्हार्निशसारखा वास गेला तर ते पेट्रोल राहिलेलं नाही. बाहेर, मोकळ्यावर, विडी-सिगारेट आणि मोबाइल चार्जर लांब ठेवून ते काढा. गटारात किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नका.

आत टॉर्च मारा. पातळ तांबूस थर असेल तर किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर टाकीभर ओतून एक-दोन दिवस ठेवलं की पुरतं. पापुद्रे सुटत असतील तर सोबत मूठभर बारीक नट टाकून टाकी गोधडीत गुंडाळून हलवायची, आणि नट मोजून टाकायचे, मोजून काढायचे. मी वीस टाकले आणि एकोणीस काढले. विसाव्यासाठी अख्खी संध्याकाळ टाकी उलटीपालटी केली. व्हिनेगर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा म्हणजे आम्ल मरतं, मग साध्या पाण्याने, आणि लगेच उन्हात. चैत्र-वैशाखातलं ऊन असेल तर उत्तम. पावसाळ्यात हे काम काढूच नका, धुतलेल्या ओल्या पत्र्यावर तासाभरात परत तांबडं धरतं. सुकली की पेट्रोलमध्ये थोडं ऑइल मिसळून आतून सगळीकडे फिरवून घ्या.

पेट्रोल कॉक खोलून त्याची जाळी साफ करा. रबरी पाइप बदला, तो कितीही चांगला दिसत असला तरी. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच उसाचं असलं तरी १९९४ च्या रबराला ते माहीत नाही. पाइप मऊ पडतो, कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) सुईचं रबर फुगतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून महिनाभर गाडी काढायची नसेल तर टाकीत जुनं पेट्रोल सोडून ठेवू नका.

कार्ब्युरेटर

या गाडीला मिकार्बचं व्हीएम २४ आहे. कार्ब्युरेटर खोलण्यात अवघड काही नाही, फक्त शिस्त हवी. एक पांढरा टॉवेल अंथरा आणि सुटा भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने ठेवत जा.

खालचा वाटीसारखा डबा काढलात की हिरवट-पिवळा चिकट गाळ दिसेल. तो वाळलेल्या पेट्रोलचा. मेन जेट आणि पायलट जेट काढा. दोन्हींवर बारीक आकडे कोरलेले असतात. ते वहीत लिहा, पुढे फिल्टरच्या वेळी हेच आकडे लागणार आहेत. भोकं कार्ब क्लीनरने आणि हवेने साफ करा. भोक तुंबलंच असेल तर विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार चालेल. सुई, स्टीलची तार, टाचणी मुळीच नको, जेटचं भोक केसाएवढं मोठं झालं तरी ते जेट गेलं. पायलट जेटचं भोक उजेडाकडे धरून आरपार दिसलं पाहिजे. माझं निम्मं उघडलं होतं आणि मी "चालेल" म्हटलं, ते चाललं नाही.

स्लाइडला लटकलेल्या सुईवर खाचा असतात आणि क्लिप त्यातल्या एकीत बसते. कुठली खाच, तीही लिहा. हवेचा स्क्रू पूर्ण आत, हलक्या हाताने बसेपर्यंत फिरवताना किती फेरे झाले ते मोजून लिहा. बसवताना दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करा.

आणि एक चोर जागा. कार्ब्युरेटर जिथे हेडला बोल्टने लागतो तो फ्लँज. आधीच्या कुणीतरी बोल्ट अंगातली सगळी ताकद लावून आवळलेले असतात, फ्लँज वाकतो, मधे फट पडते आणि तिथून चोरहवा जाते. फ्लँज काचेवर ठेवून डुलतोय का बघा. डुलत असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून गोल गोल घासून सपाट करा. ओ रिंग नवीन टाका.

ठिणगी

बॅटरी बहुतेक मेलेली असेल. जुन्या बुलेटमध्ये बॅटरी ६ व्होल्टची होती, नंतरच्यांत १२ ची, म्हणून दुकानात जाण्याआधी आपली कुठली ते बघा. उंदरांनी खाल्लेल्या वायरी टेपने झाकू नका, जोडा आणि मग झाका.

पॉइंटचं झाकण उघडा. टोकं काळवंडलेली असतील तर बारीक कानस किंवा पॉलिश पेपरने हलके घासा, मग जाडसर कोरा कागद मधून ओढून धूळ काढा. फट पूर्ण उघडलेल्या स्थितीत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फीलर गेजने मोजून. अंदाजाने ठेवू नका, गेज दोन-तीनशे रुपयांच्या आत मिळतं. प्लगची फट ०.५ च्या आसपास. नवा प्लग घ्या आणि जुना तपासणीसाठी ठेवा.

टाइमिंगचं मात्र मी मिस्त्रीवर सोपवलं. हे इंजिन पिस्टन वर पोहोचण्याच्या ०.८ मिलिमीटर आधी ठिणगी मागतं, आणि ती जास्त आधी पडली की किक उलटी येते. बुलेटच्या उलट्या किकेने घोटा गेलेली माणसं मी बघितलीत. आधी कुणाच्या तरी शेजारी बसून शिका.

प्लग बाहेर काढून, कॅपमध्ये लावून, इंजिनच्या धातूला टेकवून किक मारा. निळी, टच्च आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर आधी कंडेन्सर बदलून बघा, सगळ्यात स्वस्त संशयित तो. आणि तपासणी करताना चावी ऑन ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापत राहते आणि नवी बॅटरी संध्याकाळपर्यंत झोपते.

टॅपेटचं (व्हॉल्व्हच्या फटीचं) थोडक्यात: इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणून, पुशरॉड बोटाने सहज फिरली पाहिजे पण वर-खाली खुळखुळ नको. ब्रेक शू, केबल, चेन तपासा. टायरच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का आठवडा आणि वर्ष सांगतो. त्यावर ०८१४ असेल तर तो २०१४ च्या आठव्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही खोल दिसो, नऊ-दहा वर्षांचा टायर घाटात नेऊ नका.

पहिली किक

टाकी लगेच बसवू नका. पाव लिटरची बाटली, पाइप, आणि वर खिळ्याला टांगलेली. पेट्रोल गळलं तर तेवढंच गळेल. फिल्टर मूळचा, साफ केलेला, जागेवर.

चावी ऑन. किक हळू दाबत जा आणि हँडलजवळच्या अँपिअर मीटरचा काटा बघा. पॉइंट मिटले की काटा डाव्या बाजूला झुकतो, उघडले की मधे येतो. किक जड लागली आणि काटा मधे आला की पिस्टन वरच्या टोकाजवळ आहे. आता डिकम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढा, किक आणखी बोटभर पुढे सरकवा, डिकम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या. थंड असेल तर चोक. आणि मग पाय पूर्ण खालपर्यंत, न थांबता, एकच. अर्धवट किक सगळ्यात वाईट.

आमची अकराव्या किकेला लागली. पहिली पाच मिनिटं निळा-पांढरा धूर एवढा निघाला की शेजारच्या वस्तीवरून माणूस विचारायला आला, पाचट पेटवलंय का म्हणून. सिलिंडरमध्ये ओतलेलं ऑइल जळतं, ते होणारच. या धुरात बघायचं काय, तर ऑइल वर जातंय का. रॉकरला जाणाऱ्या ऑइलच्या पाइपचा वरचा बोल्ट किंचित ढिला करा. तिथून ऑइल पाझरलं तर पंप चालतोय, लगेच आवळा. मिनिटाभरात काहीच आलं नाही तर इंजिन बंद करा. मामा पडवीच्या खांबाला टेकून ऐकत उभे होते. धूर विरळ झाला आणि स्लोवर ती "डग... डग..." धरायला लागली तेव्हा ते आत जाऊन चहा सांगून आले.

आता फिल्टर, आणि माझे तीन रविवार

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग मला गाडी "मोकळी" करायची हुक्की आली. बाजारातून शंकूसारखा, लाल, क्रोमच्या टोपीचा उघडा फिल्टर आणला, मूळचा डबा काढून टाकला आणि तो थेट कार्ब्युरेटरच्या तोंडाला क्लँपने आवळला. आवाज मस्त आला. गाडी मात्र अर्ध्या रेसवर अडखळायला लागली, कार्ब्युरेटरमधून खोकायला लागली, उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके. पहिला रविवार मी टाइमिंगला दिला, दुसरा कॉइलला, तिसरा फ्लोटला. तिन्ही निर्दोष होते. जास्त हवा जात होती, पेट्रोल तेवढंच होतं. बस.

फिल्टर करतो काय, याचा एक हिशेब करून बघा. ३४६ सीसीचं चार स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर १,५०० वेळा हवा ओढतं. पूर्ण रेसवर म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त पाचशेच्या आसपास लिटर, शेतावरचे दोनशे लिटरचे अडीच बॅरल. तासभर गाडी पळवली तर दीडशे बॅरल हवा. या हवेत आपल्याकडे काय असतं? कारखाने चालू झाले की उसाच्या ट्रॅक्टरमागचा फुफाटा. सोलापूर, लातूरकडे काळ्या मातीचं भुकटीसारखं पीठ. खडी क्रशरच्या बाजूने गेलात तर दगडाची भुकटी. या धुळीतले वाळूचे कण लोखंडाला घासतात. ते ऑइलबरोबर मिसळले की सिलिंडरच्या भिंतीवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. आधी रिंगा जातात, मग बोअर. आवाज येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून निवड करताना आधी आपला रस्ता कुठला ते विचारा. प्रकार मोजके आहेत.

घड्यांचा कागदी फिल्टर, म्हणजे मूळचा. बारीक धूळ अडवण्यात याच्यासारखा दुसरा नाही, आणि जेट बदलायची गरज नाही. तोटे दोन: तो धुता येत नाही आणि ओला झाला की फुगून हवा अडवतो. साफ करायचा तर आतून बाहेर, कमी दाबाने हवा मारायची. टायरवाल्याच्या कंप्रेसरची नळी घडीला टेकवून मारलीत तर कागदाला भोकं पडतात. नवा घेताना टॉर्च आत धरून अंधारात बघा, एखादा ठिपका चमकला तर परत करा. रबराची कड डब्यात घट्ट बसते का ते बघा. स्वस्त मालात कागद ठीक असतो, कडच बसत नाही, आणि सगळी धूळ कडेने आत जाते.

ऑइल लावलेला फोम. हा धुता येतो, मातीच्या रस्त्याला चांगला, पावसातही कागदापेक्षा सोशिक. पण फोम कोरडा असेल तर तो फिल्टर नाही, गाळणी आहे. डिटर्जंटच्या कोमट पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, सावलीत सुकवा, मग फिल्टर ऑइल, ते नसेल तर थोडं इंजिन ऑइल चोळून जादाचं दाबून काढा. जुना फोम बोटात चुरतो का बघा. चुरला की त्याचे तुकडे थेट कार्ब्युरेटरमध्ये. मामांच्या एका मित्राच्या गाडीचं पायलट जेट वर्षभर तुंबायचं ते याच्यामुळे.

ऑइल लावलेली सुती जाळी. महाग, पुन्हा पुन्हा वापरता येणारी, हवा मोकळी सोडणारी. कंपनीच्या डब्यात बसणारी मिळाली तर बरी. हिला तिचंच क्लीनर आणि तिचंच ऑइल लागतं. ऑइल जास्त झालं तर गाडी काळा धूर मारते, कमी झालं तर धूळ आत. दर वेळी नीट करणार असाल तरच घ्या. मी आळशी आहे, मला ती नको.

आणि उघडा शंकू. डांबरी रस्त्यावर, कोरड्या हवेत, जेट जुळवून चालतो. पण आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या पावसात पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी थेट त्यावर येतं. आणि त्यातले स्वस्त फिल्टर म्हणजे क्रोमच्या टोपीखाली नुसती विरळ जाळी. उजेडाकडे धरून पलीकडचं झाड दिसलं तर तो फिल्टर नाही.

कुठलाही असो, फिल्टरपासून कार्ब्युरेटरपर्यंतची रबरी नळी तडकलेली असेल तर वरचं सगळं व्यर्थ. नळी दुमडून बघा, भेगा दुमडीत दिसतात. इंजिनाचा ब्रीदर पाइप फिल्टरच्या डब्यात आणलेला असेल तर फिल्टर ऑइलने चिकट होतो का त्यावरही लक्ष ठेवा.

तरीही उघडा लावायचा असेल तर

मग जेट बदलायची तयारी ठेवा. कार्ब्युरेटरमध्ये प्रत्येक हद्दीचा मालक वेगळा आहे. रेस जेमतेम उघडी असते तिथे पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, पाव ते पाऊण रेसवर सुई, त्याच्या पुढे मेन जेट. एक्सलेटरच्या मुठीवर खडूने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा, म्हणजे गाडी कुठे अडखळते ते बोट ठेवून सांगता येईल.

आधी मेन जेट. ९० होता तर ९५, मग लागलाच तर १००. मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण रेसवर थोडं अंतर पळवा, मग रेस उघडी असतानाच क्लच दाबून चावी बंद करा, बाजूला घ्या आणि प्लग काढा. चीनीमातीचा भाग पांढरा फटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापून जाम होण्याची ती पहिली पायरी. काळी, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. दोन्हींच्या मधला फिकट तपकिरी रंग हवा. हल्लीच्या पेट्रोलवर रंग पूर्वीइतका गडद येत नाही, म्हणून भिंगाने आत खोलवर बघा. इथेनॉलमुळे मिक्श्चर आधीच किंचित लीन (पेट्रोल कमी) असतं, तेव्हा शंका असेल तर मोठ्या जेटच्या बाजूला झुका.

मधे अडखळत असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. स्लो धरत नसेल तर हवेचा स्क्रू. हा हवेचा आहे, पेट्रोलचा नाही, म्हणून आत फिरवला की मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) होतं. मी पहिल्या रविवारी हे उलटं समजलो होतो.

एवढं सगळं करून माझ्या गाडीला किती ताकद वाढली? मुळात १८ अश्वशक्तीचं इंजिन. फलटण ते दहिवडी चढावर मला तरी काहीच फरक कळला नाही. मामांना कळला: "आवाज वाढलाय, ॲव्हरेज कमी झालंय." मी मूळचा डबा, कागदी फिल्टर आणि मूळचा जेट परत बसवला.

ग्रीसची चाचणी

फिल्टर खरंच काम करतोय का हे बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. फिल्टर आणि कार्ब्युरेटरच्या मधल्या नळीला आतून, पुसून, पांढऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. पाचशे किलोमीटर नेहमीच्या रस्त्यावर चालवा. मग नळी काढून ग्रीस बोटावर घ्या आणि अंगठ्याने चोळा. मऊ राहिलं तर ठीक. बोटाला खरखर लागली तर तेवढी धूळ फिल्टर चुकवून आत गेलीय.

कागद तपासण्याचं अंतर पुस्तकात असतं ते चांगल्या रस्त्याचं. ऊसतोडीच्या मोसमात आम्ही दर हजार किलोमीटरला डबा उघडतो.

कागदपत्रांचं राहिलं. नोंदणीला पंधरा वर्षं होऊन गेलेली गाडी रस्त्यावर काढायची तर आरटीओत फॉर्म २५ भरून नूतनीकरण करावं लागतं. ते पुढे पाच वर्षांचं मिळतं. सोबत पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी. मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१. तपासणीला गाडी दाखवावी लागते, तेव्हा त्या दिवशी फटाके फोडणारा सायलेन्सर लावून जाऊ नका. इंजिन आणि चासी नंबर गंजात दिसेनासा झाला असेल तर आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने हलकेच साफ करून ठेवा.

आमच्या पहिल्या ग्रीसच्या चाचणीत नळीच्या खालच्या बाजूला, बरोबर एका रेषेत खरखर लागली. फिल्टर नवा होता. रबरी नळीला क्लँपखाली नखभर चीर होती, वरून न दिसणारी. नवी नळी साताऱ्याहून मागवली, पुन्हा ग्रीस लावलं, आणि मामा स्वतः मागे बसून बारामतीपर्यंत आले. परत आल्यावर चष्मा लावून त्यांनीच बोट फिरवलं. "आता मऊ आहे," म्हणाले, आणि बोट माझ्या शर्टला पुसलं.